महाराष्ट्रातील सामान्य खातेदार आणि धनादेश-व्यवहाराचे शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

बँकांचा इतिहास बहुधा संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बँक केव्हा स्थापन झाली, संस्थापक कोण, भांडवल किती, शाखा किती आणि संकटातून ती कशी सावरली, या अंगाने होणाऱ्या लेखनात खातेदार हा ठेवींच्या एकूण आकड्यात मिसळून जातो. वस्तुतः धनादेश हे बँक आणि खातेदार या दोघांनी मिळून चालवावयाचे साधन आहे. बँकेच्या कर्मचाऱ्याला त्याचे रीतसर शिक्षण मिळते. बँक-कर्मचाऱ्यांच्या परीक्षा घेणारी 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स' ही संस्था १९२८ मध्ये मुंबईत स्थापन झाली, आणि त्यापूर्वी १९१३ मध्ये सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झालेले होते. खातेदारासाठी मात्र अशी कोणतीही शाळा नव्हती. दरवेळी सारखीच सही करणे, अक्षरी रकमेच्या मागेपुढे मोकळी जागा न सोडणे, डाव्या कोपऱ्यात दोन समांतर रेषा ओढणे, स्थळप्रतीवर नोंद ठेवणे, भरलेला धनादेश वटेपर्यंत ती रक्कम आपली न समजणे, ही सर्व कौशल्ये त्याने कोठून आणि कशी आत्मसात केली, हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या ठिकाणी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत घरगुती खर्चासाठी धनादेशाचे स्वतंत्र खाते ठेवण्याची पद्धत रूढ झाली. भारतात चालू खाते हे मुख्यत्वे व्यापाऱ्याचे राहिले आणि नोकरदार कुटुंबाला धनादेश-पुस्तिका मिळाली ती बचत खात्यावर. बचतीला व्याज आणि व्यवहाराला धनादेश, अशा दुहेरी स्वरूपाच्या या खात्याचे नियमही दुहेरी होते. किमान शिल्लक, पैसे काढण्याच्या संख्येवरील मर्यादा आणि व्याजमोजणीच्या तारखा या गोष्टी खातेदाराला धनादेश लिहिण्याबरोबरच समजून घ्याव्या लागल्या. पुढील विवेचनात 'सामान्य खातेदार' म्हणजे हा बचत खात्याचा धारक अभिप्रेत आहे.

हुंडीची पूर्वपीठिका

कागदावर लिहून दूरच्या माणसाला पैसे देण्याची कल्पना महाराष्ट्राला इंग्रजी बँकांनी शिकविली, हा समज टिकणारा नाही. पेशवाईत उत्तरेकडील वसुलीच्या रकमा पुण्यास आणण्यासाठी हुंडीचा सर्रास वापर होत असे. हुंडीच्या व्यवहारात ज्या सावधगिरीच्या युक्त्या होत्या, त्यांचे धनादेशाशी असलेले साम्य लक्षणीय आहे. रक्कम अंकांत आणि अक्षरांत तर लिहिली जाईच, शिवाय तिचे निमे सांगून 'त्याची दुप्पट द्यावी' असेही लिहीत. हजार रुपयांच्या हुंडीत 'निमे पाचशे, त्याचे दुप्पट' असा उल्लेख आला की एखादे शून्य वाढवून फसवणूक करणाऱ्याला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ ने अंक आणि अक्षर यांत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी असे ठरविले. त्याच्या मुळाशी असलेली भीती हुंडी लिहिणाऱ्या गुमास्त्याला पूर्वीपासूनच ठाऊक होती.

याहून बोलके उदाहरण शाहजोग हुंडीचे आहे. ही हुंडी कोणाही आणणाऱ्याला न देता बाजारात पत असलेल्या 'शहा'मार्फतच चुकती करावयाची असे. हुंडी चोरीची वा बनावट निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. इंग्लंडमध्ये निरसनगृहातील कारकुनांनी धनादेशावर बँकेचे नाव आडवे लिहिण्याची पद्धत पाडली आणि तिला १८५६ पासून कायद्याचे रूप येत गेले. रेखांकनाचा हेतूही हाच होता की, पैसे अशा माणसाच्या हाती जावेत ज्याचा उद्या पत्ता लागू शकेल. हुंडी हरवल्यास 'पेठ' आणि तीही हरवल्यास 'परपेठ' देण्याची सोय होती.

फरक होता तो विश्वासाच्या आधारात. हुंडी जातीची, पेढीची आणि पेठेतील नावाची ओळख मागत असे. तिची भाषा आणि लिपी व्यापारी समाजातच वडिलांकडून मुलाकडे आणि मुनीमाकडून उमेदवाराकडे जात असे. शेतकरी वा कारागीर या शिक्षणाच्या बाहेरच होता. त्याच्या वाट्याला हुंडी न येता सावकाराच्या खतावणीतील स्वतःला न वाचता येणारे पान येत असे. धनादेशाने पेढीच्या ओळखीची जागा हस्ताक्षराला दिली. तत्त्वतः हे मोठेच लोकशाहीकरण होते, कारण सही कोणालाही करता येते. परंतु 'कोणालाही' या शब्दात लिहितावाचता येणे गृहीत होते, आणि पुढील शंभर वर्षांची बरीचशी गुंतागुंत या एका गृहीतातून निर्माण झाली.

कायदा, मुद्रांक आणि मध्यमवर्ग

परक्राम्य संलेख अधिनियम १ मार्च १८८२ पासून अमलात आला. देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्याने आपल्या पहिल्याच कलमात अभय दिले, त्यामुळे पेढी आणि बँक या दोन जगांतील भिंत कायद्याने जशीच्या तशी राहू दिली. धनादेशाविषयीचे नियम बँकेच्या दृष्टीने लिहिलेले होते. बँकेने सद्भावाने आणि निष्काळजीपणा न करता पैसे दिले वा वसूल केले तर तिला संरक्षण मिळावे, हा कलम ८५ व कलम १३१ यांचा गाभा होय. खातेदाराच्या बाजूने एक महत्त्वाची तरतूद कलम ३१ मध्ये होती. खात्यात पुरेशी रक्कम असूनही बँकेने धनादेश नाकारला तर खातेदाराच्या नुकसानीची भरपाई तिने करावी, असे ते कलम सांगते. सामान्य खातेदारांपैकी किती जणांना या अधिकाराची वार्ता होती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मुंबईत या काळी बँकांविषयी भीतीचे कारणही ताजे होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील कापसाच्या तेजीने वाढलेला सट्टा १८६५ मध्ये कोसळला आणि त्यात सापडलेली १८४० ची बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली. त्याच नावाची नवी बँक त्याच वर्षी उभी राहिली. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. अशा वातावरणात पगारदार मराठी कुटुंबाचा ओढा सरकारी छत्राकडे राहिला तर नवल नाही. १८८२ पासून टपाल कचेरीत बचत बँक सुरू झाली होती, आणि त्याआधी १८८० मध्ये मनिऑर्डरची सोय टपाल खात्याकडे आली होती. मुंबईच्या गिरणीतून रत्नागिरीच्या खेड्यात जाणारी मनिऑर्डर हा कोकणातील असंख्य घरांचा पैशाच्या कागदाशी आलेला पहिला नियमित संबंध होय. पोस्टमन रक्कम मोजून देई आणि कागदावर सही किंवा अंगठा घेई. सहीच्या जागी अंगठा तेथे निर्वेधपणे चालत होता, हे पुढील चर्चेच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवे.

धनादेशावर एक आण्याचा मुद्रांक लागत असे. मोठ्या व्यापाऱ्याला एक आणा म्हणजे काहीच नव्हे. पाच-दहा रुपयांची देणी असणाऱ्या गृहस्थाला मात्र प्रत्येक वेळी एक आणा जादा देणे परवडणारे नव्हते. हे शुल्क १९२७ मध्ये रद्द करण्यात आले. १९३४ च्या दुरुस्तीने मूळ वाहक धनादेश हा मागील बाजूस कोणतीही पृष्ठांकने झाली तरी वाहकच राहील, हे स्पष्ट केले. पृष्ठांकनांचा अर्थ लावण्याचे ओझे त्यामुळे बँकेवरून उतरले. खातेदारावर मात्र 'वाहकास' हा छापील शब्द खोडण्याची आठवण ठेवण्याचे ओझे आले. आजही घाईत तो शब्द खोडावयाचा राहून जातो.

याच सुमारास प्रांतात स्थानिक बँका उभ्या राहिल्या. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ ची, सारस्वत सहकारी बँकेचे मूळ १९१८ च्या सोसायटीत, आणि प्रा. वा. गो. काळे व धों. कृ. साठे यांच्या पुढाकाराने बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ मध्ये नोंदली जाऊन १९३६ मध्ये पुण्यात सुरू झाली. या बँकांच्या गल्ल्यावर मराठी बोलता येत असे, ही गोष्ट लहान नाही. तरीही त्यांचा पाया शहरातील लिहित्यावाचत्या वर्गातच होता.

श्रमिकाला कायदा काय सांगत होता, हे पाहिल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम ६ ने वेतन चलनी नाणी किंवा नोटा यांतच द्यावे असे बंधन घातले. मालकाने मजुराच्या हाती माल किंवा चिठ्ठ्या ठेवू नयेत, हा त्यामागील हेतू निःसंशय न्याय्य होता. परंतु त्याचा एक परिणाम असा की, कमी वेतनाच्या कामगाराचा धनादेशाशी संबंध येण्याची मुख्य वाट कायद्यानेच बंद ठेवली. कामगाराच्या लेखी संमतीने धनादेशाने किंवा बँक खात्यात वेतन देण्याची मुभा १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाली. संमतीची ही अट २०१७ च्या दुरुस्तीने, २८ डिसेंबर २०१६ पासून, गेली. चार दशकांत कायद्याची दृष्टी किती पालटली, ते या दोन तारखांवरून कळते.

शाखेतील शिकवणी

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वेळी देशात व्यापारी बँकांच्या सुमारे ८,००० शाखा होत्या, १९९० पर्यंत त्या सुमारे ६०,००० झाल्या. डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये सुचविलेल्या क्षेत्रीय दृष्टिकोनातून अग्रणी बँक योजना आकारास आली आणि तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या गावी शाखा निघाल्या. शिक्षक, ग्रामसेवक, एस.टी.चे कर्मचारी, साखर कारखान्याचे सभासद असा वर्ग बँकेच्या दारात प्रथमच मोठ्या संख्येने आला. धनादेशाचे लोकशिक्षण खऱ्या अर्थाने या दोन दशकांत घडले, आणि ते शाखेच्या गल्ल्यापुढील रांगेत घडले.

पहिला धडा ओळखीचा होता. खाते उघडण्यास जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. पुष्कळांना हा केवळ शिष्टाचार किंवा बँकेचा अहंकार वाटे. प्रत्यक्षात त्यामागे कलम १३१ उभे होते. चोरीचा धनादेश अनोळखी माणसाच्या खात्यात वसूल झाला आणि खाते उघडताना चौकशी केलेली नसली, तर बँक निष्काळजी ठरे आणि तिचे संरक्षण जाई. शाहजोग हुंडीतील 'शहा' येथे परिचयकर्त्याच्या रूपाने परत आलेला दिसतो. गावात मात्र या नियमाने एक वेगळीच पायरी निर्माण केली. ज्याच्या ओळखीत कोणीच खातेदार नव्हता, त्याला प्रथम ओळख देणारा शोधावा लागे आणि त्याचे उपकार घ्यावे लागत. २००२ पासून रिझर्व्ह बँकेने ग्राहक-ओळखीचे नियम घालून दिले आणि माणसाच्या जागी कागदपत्रे आली.

दुसरा धडा सहीचा. नमुना-सही पत्रिकेवर एकदा केलेली सही पुढे आयुष्यभर तशीच करावयाची, ही अपेक्षा लिहिण्याचा सराव असलेल्याला किरकोळ वाटते. शाळा चौथीत सुटलेल्या माणसाच्या दृष्टीने ती कठीण परीक्षा होती. अशा खातेदाराची सही म्हणजे अक्षर जुळवून काढलेले संपूर्ण नाव असे. ते दोन वेळा सारखे येत नसे आणि 'सही जुळत नाही' या शेऱ्यासह धनादेश परत येई. येथे कायद्याची भूमिका खातेदाराच्या बाजूची आहे, हे नोंदविले पाहिजे. बनावट सहीचा धनादेश म्हणजे खातेदाराची आज्ञाच नव्हे, म्हणून ती रक्कम त्याच्या नावे टाकता येत नाही. 'कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन' या खटल्यात एका लेखापालाने बनावट सह्या करून ४२ धनादेश वटविले होते, आणि कंपनीने खातेउतारे वेळीच तपासले नाहीत, असा बँकेचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो फेटाळला. खातेउतारा तपासणे शहाणपणाचे आहे, पण न तपासल्याने खातेदाराचा हक्क बुडत नाही, असा त्याचा इत्यर्थ. पासबुक न भरून घेणाऱ्या खातेदारांना रागावण्याची सवय असलेल्या शाखांमध्ये हा निर्णय फारसा सांगितला जात नसावा.

तिसरा धडा तारखेचा होता आणि तो लोकांनी सर्वांत लवकर आत्मसात केला. बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या किमान शिलकेवर मोजले जाई. म्हणजे १० तारखेच्या आत भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज मिळे, ११ तारखेला भरलेल्याला मिळत नसे. आणि २८ तारखेला एक दिवसासाठी काढलेली रक्कमही संपूर्ण महिन्याचे व्याज घेऊन जाई. पगार झाला की १० तारखेच्या आत भरणा, मोठा खर्च शक्यतो पुढील महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, हे गणित अनेक गृहिणींना तोंडपाठ होते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून व्याज दैनिक शिलकेवर मोजले जाऊ लागले आणि ही सारी विद्या एका दिवसात निरुपयोगी झाली. आर्थिक साक्षरतेच्या चर्चेत सामान्य माणसाला 'अज्ञ' मानण्याची जी प्रवृत्ती आढळते, तिला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. नियम स्पष्ट असेल आणि दर महिन्याला अनुभवास येत असेल, तर तो शिकविण्यास कोणाची गरज पडत नाही.

चौथा धडा मात्र पुष्कळांना महागात पडला. तो म्हणजे पासबुकात दिसणारी शिल्लक आणि प्रत्यक्ष वापरता येणारी शिल्लक यांतील भेद. परगावच्या बँकेवरील धनादेश भरल्यानंतर तो वसूल होऊन येण्यास आठवडा, पंधरवडा जाई. भरणा-पावतीवर शिक्का मिळाला म्हणजे पैसे जमा झाले, या समजुतीने दिलेला धनादेश परत येई. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'बँक जुळवणी पत्रक' या प्रकरणात नेमके हेच शिकविले जाते : आपल्या नोंदवहीतील शिल्लक आणि बँकेच्या वहीतील शिल्लक यांत फरक का पडतो, वटावयाचे राहिलेले धनादेश कोणते, वसूल व्हावयाचे कोणते. कला किंवा विज्ञान शाखेच्या, तसेच दहावीलाच शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ते प्रकरण आले नाही. त्याच्यासाठी धनादेश-पुस्तिकेला जोडलेली स्थळप्रत हीच जुळवणीची वही होती, आणि अनेक पुस्तिकांतील स्थळप्रती कोऱ्याच राहत.

व्यापाऱ्यांना एक धडा आयकर खात्याने दिला. १९६८ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात कलम ४०अ(३) आणून २,५०० रुपयांवरील खर्च रेखांकित धनादेशाने किंवा धनाकर्षाने केला नसल्यास तो अमान्य ठरविण्याची तरतूद केली. ही मर्यादा पुढे वाढत गेली. २००६ मध्ये नुसते रेखांकन अपुरे ठरवून 'केवळ आदात्याच्या खात्यात' असे लिहिणे सक्तीचे झाले.

अंगठ्याचा प्रश्न

अधिनियमाच्या कलम २६ नुसार करार करण्यास सक्षम असलेली कोणतीही व्यक्ती धनादेश काढू शकते. निरक्षरता ही त्यात अपात्रता नाही. व्यवहारात मात्र निरक्षर ठेवीदाराला बचत खाते मिळे, धनादेश-पुस्तिका मिळत नसे. पासबुकावर छायाचित्र लावावयाचे, स्वतः शाखेत यावयाचे, पैसे काढण्याच्या पावतीवर अधिकाऱ्यासमोर 'निशाणी डावा अंगठा' करावयाची, अशी पद्धत होती. फसवणुकीपासून त्याचे रक्षण व्हावे, हे त्याचे समर्थन, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. दुसऱ्याने भरलेल्या धनादेशावर अंगठा उठविणाऱ्याला आपण किती रक्कम देतो आहोत हे कळण्याचा मार्ग नसतो. परंतु याचा अर्थ असा की, पैसे काढण्यासाठी त्याला दरवेळी मजुरी बुडवून शाखेत जावे लागे, आणि दूरच्या माणसाला पैसे पाठविण्याचे साधन त्याच्या हाती नसे. दृष्टिहीन खातेदारांनाही अशीच वागणूक मिळत होती. त्यांना धनादेश-पुस्तिकेसह सर्व सुविधा भेदभाव न करता द्याव्यात, असा आदेश रिझर्व्ह बँकेला ४ जून २००८ रोजी काढावा लागला.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील माणदेशी महिला सहकारी बँकेची हकिकत या संदर्भात मूलगामी आहे. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी ती अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. माण तालुक्यातील श्रमिक स्त्रियांना बचतीसाठी खाते मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःचीच बँक काढण्याचे ठरविले. प्रस्तावावर प्रवर्तक स्त्रियांच्या सह्यांऐवजी अंगठे होते आणि परवाना नाकारला गेला. लिहितावाचता न येणाऱ्या स्त्रिया बँक कशी चालवतील, ही हरकत होती. स्त्रियांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि त्यांनी अधिकाऱ्यांना आव्हान दिले की, मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज सांगतो. तुमच्या माणसांनी ते यंत्रावर करून दाखवावे. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. या प्रसंगाचे तात्पर्य 'जिद्द' या शब्दात बसविण्याचा मोह होतो. ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हिशेब करण्याचे ज्ञान या स्त्रियांकडे अगोदरच होते, व्यवस्था मागत होती ती सही. आर्थिक क्षमता आणि लेखनक्षमता यांची जी गल्लत १८८१ पासून धनादेशाच्या व्यवहारात मुरलेली होती, ती म्हसवडच्या स्त्रियांनी एका तोंडी परीक्षेत उघडी केली.

शिक्षेची तरतूद

धनादेश न वटणे ही १९८९ पर्यंत दिवाणी बाब होती. फसवणुकीचा हेतू सिद्ध झाला तरच भारतीय दंड संहिता लागू होई. बँकाही परतीच्या चिठ्ठीवर 'धनादेश काढणाऱ्यास विचारावे' असा सौम्य शेरा मारीत, कारण रक्कम नाही असे चुकून लिहिल्यास खातेदाराच्या पतीला धक्का दिल्याबद्दल बँकच अडचणीत येई. १९८८ च्या दुरुस्तीने अधिनियमात नवे प्रकरण घातले आणि १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ अमलात आले. देणे फेडण्यासाठी दिलेला धनादेश रक्कम अपुरी म्हणून परत आला, लेखी सूचना मिळाली आणि त्यानंतर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही, अशी ती तरतूद होती. २००२ च्या दुरुस्तीने, ६ फेब्रुवारी २००३ पासून, कैदेची कमाल मर्यादा दोन वर्षे झाली.

लोकांनी धनादेश विश्वासाने स्वीकारावेत, हा दुरुस्तीचा घोषित हेतू होता. तो काही प्रमाणात साध्य झाला असे मानावयास जागा आहे. पण त्याबरोबर धनादेशाचा एक नवाच उपयोग रूढ झाला. कर्ज देणारे तारीख व रक्कम न लिहिलेले सही केलेले धनादेश तारण म्हणून घेऊ लागले. जे पैसे देण्याचे साधन होते, ते तुरुंगाची भीती घालण्याचे साधन झाले. धनादेश कायदेशीर देण्यापोटीच दिला आहे, असे कलम १३९ गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. स्वेच्छेने दिलेल्या कोऱ्या, सही केलेल्या धनादेशालाही हे गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग खटल्यात स्पष्ट केले. पैसे देणे थांबविण्याची सूचना बँकेला देऊनही सुटका होतेच असे नाही, हे त्याने १९९८ मध्येच सांगितले होते. ज्या खातेदाराला कोऱ्या जागा सोडू नयेत हे गल्ल्यापुढच्या रांगेत ऐकून ऐकून कळले होते, त्याने कर्जाच्या गरजेपोटी सबंध धनादेशच कोरा द्यावा, हा या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक भाग होय. येथे अज्ञानापेक्षा गरज प्रबळ ठरली, आणि कितीही शिकविले असते तरी तिला उत्तर नव्हते.

सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात प्रलंबित असलेल्या २.३१ कोटी फौजदारी प्रकरणांपैकी ३५.१६ लाख प्रकरणे कलम १३८ ची होती. खटला कोठे चालावा हा प्रश्नही खातेदाराच्या दृष्टीने तितकाच जिव्हाळ्याचा होता. महाराष्ट्रातून गेलेल्या दशरथ रूपसिंग राठोड खटल्यात २०१४ मध्ये न्यायालयाने तो धनादेश काढणाऱ्याच्या बँकेच्या ठिकाणी चालावा असे ठरविले, आणि २०१५ च्या दुरुस्तीने संसदेने तो धनादेश घेणाऱ्याच्या शाखेच्या ठिकाणी नेला. मोठ्या वित्तसंस्थेला हजारो खटले एका शहरात चालविणे सोयीचे झाले. दूरच्या गावातील कर्जदाराचे प्रवासभाडे मात्र वाढले.

यंत्राने वाचावयाचा धनादेश

१९८० च्या दशकात महानगरांत चुंबकीय शाईच्या आकड्यांचे धनादेश आले. नऊ आकड्यांतील पहिले तीन शहराचे, पुढील तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचे धनादेश ४०० ने आणि पुण्याचे ४११ ने सुरू होऊ लागले. फेब्रुवारी २००८ मध्ये दिल्लीपासून सुरू झालेली प्रतिमेवर आधारित निरसनपद्धती एप्रिल २०१३ मध्ये मुंबईत आली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे निरसन दिवसभर सलग होऊ लागले. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली होती. खातेदाराच्या सवयीला यातील एका बदलाने विशेष धक्का दिला. पूर्वी खाडाखोड केली की शेजारी पूर्ण सही करावयाची, एवढे पुरत असे आणि ती युक्ती सर्वांना ठाऊक होती. प्रतिमापद्धतीत तारखेखेरीज कोणतीही दुरुस्ती चालेनाशी झाली. चुकले तर नवा धनादेश लिहावयाचा. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या धनादेशाचा तपशील बँकेला आगाऊ कळविण्याची व्यवस्थाही आली. 'निमे पाचशे, त्याचे दुप्पट' लिहिणाऱ्या गुमास्त्याला ती ओळखीची वाटली असती.

एव्हाना घरगुती देण्याघेण्यातून धनादेश मागे सरकू लागला होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या युपीआयने लहान रकमांचा व्यवहार भ्रमणध्वनीवर नेला. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरविलेल्या मूलभूत बचत खात्याच्या अनिवार्य सुविधांत धनादेश-पुस्तिकेचा समावेश नव्हता, आणि २८ ऑगस्ट २०१४ पासून जनधन योजनेत उघडली गेलेली खाती याच धर्तीची होती. ज्या वर्गाला सहीअभावी धनादेश मिळाला नाही, त्याच्या खात्याची किल्ली आता आधार-आधारित यंत्रावर ठेवलेले बोट ही झाली. बँकेने धनादेशावर कधी न स्वीकारलेला अंगठा अशा रीतीने परत आला आहे. शेतात आणि बांधकामावर झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र पुष्कळदा ओळखत नाही, तेव्हा गावातील बँकमित्र बोट पुसून पुन्हा ठेवावयास सांगतो.